मोठा आवाज नको, स्पष्ट आवाज हवा

(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला भाषणाला उभे केले की ठेवी आणि बचत हेच विषय देतात, असा माझा आजवरचा अनुभव. या वेळी मात्र सचिव म्हणाले, "साहेब, तुमच्या घरी ते काळं खोकं आहे ना, त्याच्यावर बोला. सगळे विचारतात." म्हणून आज होम थिएटर रिसीव्हर या यंत्राविषयी बोलतो. मी इंजिनिअर नाही, बी.कॉम. आहे. जेवढे स्वतःच्या हाताने करून पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

सुरुवात एका भांडणापासून करावी लागेल. इथल्या बऱ्याच जणांना ते ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या अनसिंगच्या या सोसायटीत घरे बैठी आहेत, पण माझ्या हॉलची आणि शेजारच्या घराची भिंत एकच. काही वर्षांपूर्वी शेजारच्या भाऊंच्या मुलीची बारावी होती. एका रात्री भाऊ दारात आले. "साहेब, टीव्ही जरा कमी करा ना, पोरीचा उद्या पेपर आहे." मी कमी केला. पण कमी केल्यावर बातम्यांतले शब्दच समजेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढवला. प्रकरण कार्यकारिणीत गेले. तिथे मला २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचून दाखवण्यात आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम दाखवणाऱ्या माणसाला कोणी नियम दाखवला की फार लागते हो! दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. पाडवा आला आणि गेला, पण मी त्यांच्या घरी गेलो नाही आणि ते माझ्याकडे आले नाहीत. चूक माझीच होती, हे आज सर्वांसमोर सांगतो.

पुढे अकोल्याला कानाची तपासणी केली, तेव्हा कारण कळले. उतारवयात सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी उंच पट्टीचे बारीक आवाज जातात. त्यामुळे आ, ई, ओ हे स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त, क ही व्यंजने निसटतात. 'साठ' म्हटले की 'आठ' ऐकू येते. साठ हजार आणि आठ हजार यांतला फरक न कळणारा बँकवाला कोणत्या कामाचा? आणि आवाज वाढवला की स्वरच आणखी मोठे होतात, व्यंजने मागेच राहतात. मला आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. शेजाऱ्यांना मात्र दोन्ही भरपूर ऐकू जात होते.

श्रवणयंत्र घेतले, त्याचा फायदा झाला. ज्यांना गरज आहे त्यांनी लाजू नये, चष्म्याची लाजतो का आपण? पण टीव्हीची अडचण उरलीच. आजकालचे टीव्ही पातळ, त्यांचे स्पीकर मागच्या किंवा खालच्या बाजूला. आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग आपल्यापर्यंत येतो.

त्याच सुमारास पुण्याच्या मुलाने नवीन संच घेतला आणि जुना रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर माझ्याकडे पाठवून दिला. रिसीव्हर म्हणजे आमच्या शाखेतला हेड कॅशियर समजा. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, कॉम्प्युटर, मोबाईल, सगळ्यांची आवक त्याच्याकडे येते. तो ती वेगवेगळी करतो, ताकद देतो आणि ज्याची त्याला पोचवतो. यालाच ५.१ म्हणतात. समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला जरा मागे दोन, हे झाले पाच. 'पॉइंट एक' म्हणजे फक्त खर्जाचा सबवूफर.

यातला मधला स्पीकर आपल्या कामाचा. चित्रपटातले संवाद मुख्यतः त्याच्याकडेच येतात. टीव्हीच्या बऱ्याच वाहिन्या दोनच बाजूंचा आवाज पाठवतात. पण रिसीव्हरवर 'डॉल्बी सराऊंड', किंवा जुन्या यंत्रात 'प्रो लॉजिक', लावले की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज यंत्र ओळखते आणि मधल्या स्पीकरला देते. बातम्या सांगणाऱ्याचा आवाज बहुतेक तसाच असतो. मग एकट्या मधल्या स्पीकरची पातळी तीन-चार डेसिबल वाढवायची आणि एकूण आवाज कमी करायचा. शिवाय 'नाईट मोड' असतो. त्यात स्फोट, ढोल दबतात आणि हळू बोलणे वर येते.

हे सगळे मला लगेच जमले असे समजू नका. पहिल्या दिवशी मी पाचही स्पीकर टीव्हीखाली एका ओळीत मांडले, लग्नातल्या पंगतीसारखे! दुसरी चूक म्हणजे एका स्पीकरची तार उलटी लावली. लाल-काळे उलटे झाले की एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. खर्ज गायब होतो, आवाज पोकळ येतो. जमेची रक्कम नावे टाकली की ताळेबंदाचे जे होते, तेच. तिसरी चूक टीव्हीच्या सेटिंगमध्ये होती. एचडीएमआयची केबल 'एआरसी' लिहिलेल्या खाचेतच लावावी लागते, आणि टीव्हीचा आवाज 'पीसीएम'वर असेल तर पाच वाटांऐवजी दोनच येतात. तो 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम'वर ठेवावा.

एका संध्याकाळी दार उघडे ठेवून मी रिसीव्हरसोबत आलेल्या माइकशी झटापट करत होतो. शेजारची तीच मुलगी, आता अमरावतीला इंजिनिअरिंगला, सुट्टीत घरी आली होती. दारातूनच म्हणाली, "आजोबा, माइक टीव्हीजवळ नाही ठेवायचा. तुम्ही बसता तिथं, कानाच्या उंचीवर ठेवा." आत आली आणि अर्ध्या तासात सगळे लावून दिले. यंत्र एकेका स्पीकरमधून फुस्स आवाज काढते आणि तो माइकपर्यंत यायला किती वेळ लागला ते मोजते. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका फुटाला जवळजवळ एक मिलिसेकंद. जवळच्या स्पीकरचा आवाज यंत्र तेवढा थांबवून ठेवते, म्हणजे सगळे एकाच वेळी कानावर येतात. मी तिच्या हातावर पेढा ठेवला. तिने विचारले, "आजोबा, तुम्ही आमच्याकडे का येत नाही हो?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी सौ.ला घेऊन भाऊंकडे चहाला गेलो.

आता नेटवर्कचे. रिसीव्हर घरच्या राऊटरला जोडता येतो. शक्य असेल तर तारेनेच जोडा, वाय-फाय भिंतीमागे दमते. मग मोबाईलवरचे गाणे सरळ रिसीव्हरवर लागते, आणि कॉम्प्युटरमधले एखादे फोल्डर 'शेअर' केले तर त्यातली गाणी यादीसकट रिसीव्हरवर दिसतात. ब्लूटूथही चालते, पण मोबाईल घेऊन अंगणात गेलो की आवाज तुटतो. सकाळी मी विविध भारती लावतो. लहानपणी त्यासाठी एरियलची तार छपरावर टाकत होतो, आता खरखर नाही. लाईन जायची सवय आपल्याला आहेच, म्हणून यंत्राला स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टर साध्या लहरीचा असेल तर स्पीकरमधून गुणगुण येते, शुद्ध साइन लहरीचा बरा.

'डॉल्बी' हे नाव आपण वरातीतल्या भिंतींना दिले आहे. खरे तर रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्याच देशात होते. १९६५ साली त्यांनी लंडनला कंपनी काढली, ती टेपवरची सळसळ कमी करण्यासाठी. म्हणजे ज्या माणसाने नको असलेला आवाज कमी करण्यात आयुष्य घातले, त्याच्या नावाने आपण कान फोडतो आहोत.

शेवटी एका कॅसेटविषयी. सोसायटीच्या पहिल्या गणेशोत्सवात मी टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. ती कॅसेट कपाटात सापडली. कॅसेट प्लेअरची तार कॉम्प्युटरला जोडून, ऑडॅसिटी नावाच्या फुकट प्रोग्रॅमने मी ती उतरवून घेतली आणि शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकली. त्यात आपल्या पहिल्या सचिवांचे, गुरुजींचे, भाषण आहे. गुरुजी म्हणजे शेजारच्या भाऊंचे वडील. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली.

भाऊंना, वहिनींना घरी बोलावले. रात्रीचे नऊ वाजले होते, आवाज अगदी हळू ठेवला. मधल्या स्पीकरमधून गुरुजी बोलू लागले. भाषण म्हणजे तरी काय, जमाखर्च. मांडवाचे भाडे, प्रसादाचा खर्च, शिल्लक सतरा रुपये पन्नास पैसे. मग ते खोकले आणि म्हणाले, "हिशोब कोणाला पाहायचा असेल तर घरी या." भाऊ खाली मान घालून ऐकत होते. म्हणाले, "बाबा असेच खोकायचे." शेजारच्या घरात मुलगी अभ्यास करत होती. नंतर तिला विचारले, "आवाज आला का गं?" ती म्हणाली, "कायचा आवाज?"

राजेहो, मला एवढेच सांगायचे आहे. यंत्र विकत घ्याच असा माझा आग्रह नाही. पण घरात कोणी म्हातारे माणूस टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. आणि कोणाच्या माळ्यावर जुन्या कॅसेट असतील तर माझ्याकडे आणून द्या. टेप खराब होत चालल्या आहेत, प्लेअरही मिळेनासे झालेत. मी उतरवून देतो, शुल्क एक कप चहा. गुरुजींच्या त्या भाषणाची प्रत सचिवांकडे दिली आहे, ज्यांना हवी त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन जावे.

दहा मिनिटांची चौदा झाली, वरची चार मिनिटे माझ्या नावे टाका.