दूरध्वनीचा धंदा : मोकळीक कोठे, नियम कोठे?



दूरध्वनीच्या धंद्यावरचे निर्बंध उठवावेत की नाहीत, याचे उत्तर एका शब्दात मागणारे दोन्ही पक्ष आम्हाला सारखेच उतावळे वाटतात. १८८५ च्या तार कायद्याने मक्ता सरकारच्या हाती दिला. त्याची फळे, टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नकोत. १९९४ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले, १९९७ साली नियामक प्राधिकरण आले. त्या मोकळिकीचा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु हा धंदा वाण्याच्या दुकानासारखा नव्हे. तूरडाळ विकण्यासाठी वाण्याला शेजारच्या वाण्याची परवानगी लागत नाही. येथे नव्या कंपनीच्या ग्राहकाला जुन्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलावयाचे असते, आणि ती जोडणी प्रतिस्पर्ध्याच्याच हाती असते. २०१६ साली जिओ बाजारात उतरली, तेव्हा तिच्याकडून इतर कंपन्यांकडे जाणारे फोन मोठ्या संख्येने अडू लागले. नियमाप्रमाणे हजारात पाचांहून अधिक फोन अडता कामा नयेत. जुन्या कंपन्या म्हणत, नवागताने बोलणे फुकट केले म्हणून हा लोंढा आला. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. तरी प्राधिकरणाने तीन जुन्या कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. हा नियमच नसता, तर नव्या कंपनीने मनोरे उभारून करावयाचे काय? तीच गोष्ट क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याच्या सोयीची. ती २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. कोणत्याही कंपनीने ती आपण होऊन दिली नसती.

सैल करावयाचे तर सरकारने आपली वसुली सैल करावी. दूरसंचाराबाहेरच्या उत्पन्नावरही सरकार वाटा मागत होते. ती मागणी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली, आणि २०२१ मध्ये सरकारनेच ते उत्पन्न पुढील काळापुरते वगळले. तोवर मैदानातील गर्दी ओसरली होती.

दर ठरविण्यास कंपन्या बव्हंशी मोकळ्या आहेत, आणि ते आम्हाला मान्य आहे. मात्र मोठ्या खासगी कंपन्या आता तीनच उरल्या. जुलै २०२४ मध्ये तिघींनी दोन दिवसांच्या आत दर वाढविले. (दुकाने तीन, भावफलक एकच!) संगनमत झाले असे आम्ही म्हणत नाही, तीन विक्रेत्यांना एकमेकांकडे पाहण्यासाठी बैठक भरवावी लागत नाही. भारत संचार निगमाने तेव्हा दर वाढविले नाहीत. हा चौथा विक्रेता टिकावा असे आम्हाला वाटते, ते यासाठी.

आणि ज्या आजीला गावाहून मुंबईच्या लेकाशी केवळ बोलावयाचे आहे, तिने इंटरनेटचे पैसे का भरावेत? डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने नुसते बोलणे व लघुसंदेश यांचा वेगळा रिचार्ज ठेवण्याची सक्ती केली. काहींना ही लुडबूड वाटली, आम्हाला नाही. त्याचा दर मात्र कंपन्यांनीच ठरवावयाचा आहे. तो आजीला परवडतो की नाही, हे पाहण्याचे काम प्राधिकरणाने सोडू नये, एवढीच आमची मागणी.