परदेशी बिऱ्हाड आणि घरचे संचित

(परदेशी निघालेली तरुण कुटुंबे आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परदेशी बिऱ्हाड थाटायला निघालेल्या कुटुंबात शेवटच्या आठवड्यात वजनकाटा हीच घरातील सर्वांत महत्त्वाची वस्तू होऊन बसते. अमेरिकेच्या प्रवासाला सामान्यतः माणशी दोन बॅगा आणि प्रत्येकी २३ किलो अशी मर्यादा असते. आई समई पुढे करते, मुलगा काट्याकडे बोट दाखवतो आणि सून मधल्या मध्ये अवघडते. वरवर पाहता वाद किलोंचा. वस्तुतः प्रश्न असा असतो की, या घरातले काय त्या घरात पुढे चालावे आणि ते कोणी ठरवावे. निघण्याच्या आदल्या रात्री अकरा वाजता हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी महिना-दोन महिने आधी सर्वांनी एकत्र बसावे लागते.

सागर ओलांडणाऱ्या भारतीयांपुढे हा प्रश्न फार पूर्वीच उभा राहिला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी करारबद्ध मजुरांची एक तुकडी मॉरिशसला उतरली. पुढे १८४५ मध्ये त्रिनिदाद, १८७३ मध्ये सुरिनाम आणि १८७९ मध्ये फिजी येथे अशीच जहाजे लागली. या गिरमिटियांजवळ असे ते एक गाठोडे. कॅरिबियन बेटांवरील त्यांचे वंशज आजही त्याला 'जहाजी बंडल' म्हणून ओळखतात. लोटा, एखादे पांघरूण, कोणाजवळ तुलसीदासांचे रामचरितमानस. अनेकांजवळ तेही कागदावर नव्हे, तर केवळ मुखोद्गत. लोटे झिजले, पांघरुणे विरली, परंतु मानसाचे पठण त्या बेटांवर टिकून राहिले. मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. आज तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे.

दुसरे उदाहरण आपल्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, बेने इस्रायली बांधवांचे. १९४८ नंतर ते मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. ती त्यांची पुण्यभूमी. तरीही पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे घालून केलेला मलिदा त्यांनी सोडला नाही. एवढेच नव्हे, तर 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथून चालवले. या दोन्ही उदाहरणांत टिकले ते असे, जे ठरावीक दिवशी चार माणसे जमवून करावे लागते. कपाटात ठेवण्यासाठी नेलेल्या वस्तूची अशी कथा सहसा ऐकू येत नाही.

आता देवघराकडे वळू, कारण खरी घालमेल तेथेच होते. थोरल्या घरातील देव उचलून न्यावेत काय? याचे उत्तर आपल्या रीतीने केव्हाच देऊन ठेवले आहे. भाऊ वेगळे झाले की मूळ देव थोरल्या घरी राहतात आणि नव्या चुलीसाठी सोनाराकडून कुलदैवताचे टाक घडवून घेतात. खंडोबाचा किंवा भवानीचा चांदीचा टाक तळहातावर मावतो. परदेशातील बिऱ्हाड हीही वेगळी झालेली चूलच. नव्या टाकांची पूजा निघण्यापूर्वी वडिलांच्या हस्ते व्हावी, म्हणजे 'देव नेले' हा सल त्यांना राहत नाही आणि 'देव दिले नाहीत' हा मुलांना राहत नाही.

शिवाय येथे कायद्याचाही प्रश्न आहे आणि तो अनेक सुशिक्षितांना ठाऊक नसतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती पणजोबांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली का असेना. वयाबद्दल शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी मिळवावा. मोडी कागदांचे दफ्तर तर नेण्याच्या भानगडीत पडूच नये. त्याची छायाचित्रे सोबत न्यावीत आणि मूळ कागद १९१० पासून हेच कार्य करीत असलेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवावेत. माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन करण्यापेक्षा ते शतपटींनी बरे.

पूजासाहित्यातील कापूर हा ज्वलनशील पदार्थ आहे, आणि सुके खोबरे हवाई वाहतुकीच्या नियमांत आपोआप तापणाऱ्या पदार्थांत मोडते! हे वाचून आजीला हसू येईल, परंतु विमानतळावर बॅग उघडली गेली की कोणी हसत नाही. समई मात्र अवश्य न्यावी. तिचे भाग फिरवून सुटे होतात आणि कपड्यांच्या घडीत बसतात. तुळशीचे रोप मातीसह नेता येत नाही. ते तेथेच शोधावे.

स्वयंपाकघराबाबत भावनेपेक्षा माहिती अधिक उपयोगी. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. त्यामुळे येथील मिक्सर तेथे नीट चालत नाही. खोलगट तवा विजेच्या सपाट शेगडीवर नीट टेकत नाही, तेव्हा सपाट बुडाचा घ्यावा. खपरा भुंगेऱ्याच्या भयाने आपला आंबेमोहोर तेथे सामानातून नेऊ देत नाहीत आणि लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे कढीपत्त्याची ताजी पानेही अडवतात. ऑस्ट्रेलियात लाकडी पोळपाट जाहीर करून तपासणीस द्यावा लागतो. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र यांना अशी आडकाठी नाही. विळी न्यायचीच असेल, तर पाते गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवावी.

जन्म व विवाहाचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी, चष्म्याचा क्रमांक, औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठी ही कागदपत्रे हातातील पिशवीत असावीत. अंगावरील दागिन्यांची जातानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून नोंद करून घेतली, तर परतताना वाद होत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग तरुणांचा नसतोच. मुलाकडे कायमचे निघालेले वृद्ध आई-वडील जेव्हा चाळीस वर्षांचे घर मोकळे करतात, तेव्हा सुट्टी काढून आलेला मुलगा आठ दिवसांत 'हे टाका, ते द्या' असा सपाटा लावतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण रीत चुकते. ज्या हातांनी वस्तू जमवल्या, त्याच हातांनी त्या दिल्या गेल्या पाहिजेत. लेकीला पैठणी, भाचीला शिवणयंत्र, वाचनालयाला पुस्तके, शेजारच्या मुलाला अभ्यासाचे टेबल. प्रत्येक वस्तूसोबत तिची हकीकत सांगण्याइतका अवधी त्यांना मिळायला हवा. त्या हकीकती मुलाने लिहून घ्याव्यात.

आणि लिहून घेताना एक गोष्ट विसरू नये. आईच्या साऱ्या पाककृती 'दोन वाट्या डाळीला एक वाटी गूळ' अशा मापांत असतात आणि ती वाटी म्हणजे बाजारातील कोणतीही वाटी नसते. काठाला पोचा आलेली, डब्यात कायमची पडून असलेली ती एकच असते. तिचे वजन करून पाहण्याचीही आवश्यकता नाही. ती बॅगेत आधी ठेवावी.