मान सर्वांना, मत विवेकाला

निवडणूक जाहीर झाली, की सर्वच पक्षांच्या कार्यकर्त्यांची पावले धर्मगुरूंच्या निवासाकडे वळू लागतात. एका माणसाचे मन वळवले की सारी वस्ती हाती येईल, हा त्यामागचा हिशेब असतो. ख्रिस्ती वस्त्यांच्या बाबतीत या हिशेबाला आणखी एका समजुतीची जोड मिळते. राज्यकर्त्यांचा मान राखण्याची ख्रिस्ती माणसाला धर्माज्ञा आहे, तेव्हा तो सत्तेच्या विरोधात सहसा जाणार नाही, अशी ती समजूत. हा हिशेब आणि ही समजूत या दोहोंची तपासणी समाजवादी कार्यकर्त्याने केली पाहिजे. कारण त्यांत एका समाजाचा अपमान आहे आणि लोकशाहीची हानीही आहे.

प्रथम धर्मग्रंथाचा आधार पाहू जाता काय दिसते? संत पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे, ज्याचा कर त्याला कर आणि ज्याचा मान त्याला मान द्यावा, असा उपदेश आहे. परंतु त्याच नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांत, धर्मसभेने बंदी घातली असता, माणसांपेक्षा ईश्वराची आज्ञा श्रेष्ठ असे पेत्र व इतर प्रेषित तोंडावर सांगतात. कैसराचे कैसराला द्या, या येशूच्या उत्तराचा पूर्वार्ध राज्यकर्त्यांना नेहमी आठवतो; ईश्वराचे ते ईश्वराला, हा उत्तरार्ध मात्र सोयीस्करपणे गाळला जातो. पेत्राच्या पहिल्या पत्रातील वचन तर अधिक बोलके आहे. तेथे सर्व माणसांना मान देण्यास सांगताना आणि राजाला मान देण्यास सांगताना मूळ ग्रीक भाषेत एकच क्रियापद योजले आहे. भय मात्र ईश्वरासाठी राखून ठेवले आहे. राजाला जो मान, तोच रस्ता झाडणाऱ्यालाही, असा याचा सरळ अर्थ होतो. मान देणे म्हणजे शरण जाणे नव्हे, हे येथेच स्पष्ट होते.

या वचनांचा दुरुपयोग कसा होतो, याचा धडा दक्षिण आफ्रिकेने दिला. वर्णद्वेषी राजवटीला तेथील गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चचा दीर्घकाळ पाठिंबा होता आणि काळ्या जनतेला आज्ञाधारकपणा शिकवण्यासाठी रोमकरांस पत्राचा तोच तेरावा अध्याय पुढे केला जात असे. १९८२ साली ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेने वर्णद्वेषाचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवले. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये दीडशेहून अधिक धर्मशास्त्रज्ञ व धर्मसेवकांनी कैरॉस दस्तऐवज प्रसिद्ध केला. अन्यायावर धर्माची मोहोर उठवणाऱ्या या विचाराला त्यांनी 'राज्यसंस्थेचे धर्मशास्त्र' असे नाव दिले आणि ते नाकारले. त्या देशातील काळ्या जनतेला राष्ट्रीय निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला तो १९९४ साली. २७ एप्रिलला आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी आयुष्यातील पहिले मत दिले, तेव्हा त्यांचे वय ६२ वर्षांचे होते. राज्यकर्त्यांना मान द्या, असे ज्यांना सांगितले जात होते, त्यांना राज्यकर्ते निवडण्याचा अधिकारच नव्हता!

भारतातील अनुभवही फार वेगळा नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा भल्याभल्या संस्थांनी मौन पत्करले. अशा वेळी मार थोमा चर्चचे मेट्रोपॉलिटन युहानोन मार थोमा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहून आणीबाणी उठवण्याची मागणी केली. ख्रिस्ती विचारवंत एम. एम. थॉमस यांनीही हुकूमशाहीविरुद्ध लेखणी चालवली. तरुणपणी बंगलोरच्या सेमिनरीत धर्मगुरू होण्यासाठी गेलेले आणि पुढे समाजवादी चळवळीत आलेले जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होते. १० जून १९७६ रोजी त्यांना अटक झाली, ती कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या आवारात. पदाचा मान आणि पदस्थाच्या कृतीचा निषेध ही एकमेकांना छेद देणारी गोष्ट नाही, हे या माणसांनी आचरणाने दाखवले.

आता मताचा प्रश्न. येथे चर्चचा इतिहास निष्कलंक नाही, आणि समाजवाद्यांचाही नाही. १९४९ च्या जुलैमध्ये व्हॅटिकनने फर्मान काढून कम्युनिस्ट पक्षाला साहाय्य करणाऱ्या कॅथलिकांना धर्मसंस्कारांपासून दूर ठेवण्याचे ठरवले. केरळात १९५७ साली मतपेटीतून आलेल्या नंबुद्रिपाद मंत्रिमंडळाच्या शिक्षण विधेयकावरून जे आंदोलन पेटले, त्यात नायर सर्व्हिस सोसायटीच्या बरोबरीने चर्चही उघडपणे उतरले. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते मंत्रिमंडळ बरखास्त केले. १९६० च्या निवडणुकीत काँग्रेस व मुस्लिम लीग यांच्याशी हातमिळवणी केलेल्या प्रजा समाजवादी पक्षाचे पट्टम थाणू पिल्ले मुख्यमंत्री झाले. कम्युनिस्टांशी मतभेद असणे वेगळे आणि व्यासपीठाऐवजी धर्मपीठाने पाडलेल्या सरकारच्या जागी बसणे वेगळे. त्या सत्तेत समाजवाद्यांचा वाटा होता, ही गोष्ट आत्मपरीक्षण करताना झाकून ठेवता येणार नाही.

पुढे खुद्द चर्चनेच दिशा बदलली. डिसेंबर १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगाविषयीचा दस्तऐवज संमत केला. सर्वांच्या हितासाठी मुक्तपणे मत देणे हा नागरिकाचा हक्क आहे तसेच कर्तव्यही आहे, आणि चर्च कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेले नाही, असे त्यात सांगितले आहे. भारतीय कायद्याने ही मर्यादा आधीच घातली होती. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२३ नुसार ईश्वरी अवकृपेची किंवा धर्मदंडाची भीती घालून मतदाराला वळवू पाहणे हा भ्रष्ट आचार ठरतो. धर्माच्या नावाने मत मागण्याची बंदी उमेदवाराच्या धर्मापुरती नसून मतदाराच्या धर्मालाही लागू आहे, असा निर्णय २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने दिला.

तेव्हा धर्मगुरूने काहीच बोलू नये काय? तसे नव्हे. मतदानाला जा, मत विकू नका, गरिबाला न्याय कोण देईल याचा विचार करा, निवडून आलेल्यांसाठी प्रार्थना करा, एवढे सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मतपत्रिकेवरील नाव किंवा चिन्ह सांगू लागताच तो धर्मगुरू राहत नाही, मतांचा दलाल होतो. आणि त्याच्या दाराशी जाऊन ते नाव सांगण्याची गळ घालणारा कार्यकर्ता त्याहून अधिक दोषी होय.

समाजवादी कार्यकर्त्याने धर्मगुरूला अवश्य भेटावे, पण मते मागायची ती मतदाराकडे. चर्चच्या पायऱ्यांवरून उतरणारी मच्छीमार बाई, शेतमजूर, कामगार यांच्या घरी जावे, रेशन, पाणी, मजुरी यांविषयी बोलावे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. शास्त्र राज्यकर्त्यांचा मान राखायला सांगते असे कोणी म्हटले, तर त्या शास्त्राची टिंगल करू नये. तेच शास्त्र तसाच मान सर्व माणसांना द्यायला सांगते, याची आठवण करून द्यावी.

मित्रहो, हा धडा ख्रिस्ती समाजापुरता नाही. राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. पक्षाच्या नेत्यालाही तो लागू आहे. नेत्याला मान द्यावा, त्याचे ऐकून घ्यावे, आणि तो चुकला तर सभेत उभे राहून तसे सांगावे. जो कार्यकर्ता स्वतःच्या पक्षात हे करू शकत नाही, त्याला मतदारापुढे विवेकाची भाषा बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही.