कुकडीकाठची राख : एक दुरुस्ती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला पाच मिनिटं मिळाली आहेत आणि शाळेच्या घंटेची, चिंचेच्या झाडाची आठवण काढायची नाही अशी तंबीही. तेव्हा थेट कबुलीच देतो. 1996 साली, संशोधनाला नुकती सुरुवात केलेली असताना, मी याच शाळेत नववी-दहावीच्या मुलांसमोर बोललो होतो. बोरीच्या नदीकाठची पांढुरकी राख बाटलीतून आणली होती आणि ठणकावून सांगितलं होतं, ‘ही सहा लाख सत्तर हजार वर्षांपूर्वीची!’ आपल्या भूगोलाच्या बाईंनी तो आकडा फळ्यावर लिहिला. बाई आज पुढच्या रांगेत आहेत. बाई, तो आकडा पुसायला मी आलोय.

जे मुंबई-पुण्याकडे गेले ते विसरले असतील, म्हणून सांगतो. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानंतर इथे ज्वालामुखी नाही. मग कुकडीच्या काठावर, गाळाच्या थरांत, कुठे बोटभर तर कुठे हातभर जाडीची ही राख आली कुठून? ऐंशीच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. कारण तिच्यासोबतच्या थरांत आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडत होत्या. राखेचं वय कळलं, तर त्या माणसांच्या काळाचाही अंदाज येणार होता.

सूक्ष्मदर्शकाखाली ही राख म्हणजे काचेच्या कपच्या असतात. फुटलेल्या बुडबुड्याच्या भिंतीसारख्या, वाकड्या आणि धारदार. आमची आजी ती भांडी घासायला का आणायची, ते मला तेव्हा कळलं. या काचेत सिलिका सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे, आपल्या काळ्या दगडात जेमतेम पन्नास. म्हणजे ही राख इथली नव्हेच. काचेतल्या घटकांचा मेळ बसतो तो सुमात्रातल्या तोबाशी. आज तिथे सुमारे शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. ते ज्वालामुखीचंच खचलेलं तोंड. इथून ते तीन हजार किलोमीटरांहून लांब.

इथपर्यंत वाद नाही. पण तोबा एकदाच फुटलेला नाही. साधारण आठ लाख, पाच लाख आणि 75 हजार वर्षांपूर्वी असे मोठे उद्रेक झाले, आणि त्यांच्या काचा भावंडांसारख्या दिसतात. बोरीच्या राखेचं वय आधी चौदा लाख निघालं होतं. मग 1995 मध्ये दुसऱ्या पद्धतीने सहा लाख सत्तर हजार आलं. त्याच वर्षी काचेच्या रसायनावरून दुसऱ्या गटाने सांगितलं, ही शेवटच्या उद्रेकाची, म्हणजे 75 हजारांच्या आसपासची. मी त्यातला मला आवडणारा आकडा उचलला. आपलं गाव जितकं जुनं तितकं बरं वाटतं, दुसरं काय!

आज बरेच अभ्यासक शेवटच्या उद्रेकाच्या बाजूने आहेत, काही अजून जुन्याच्या. माझं मत पहिल्यांकडे झुकतं. नमुन्यात आपल्या काळ्या दगडाचे चार कण मिसळले तरी वय फुगू शकतं. आणि मिसळ होणारच. आकाशातून राख पडली ती पातळ. मग पावसाने ती डोंगरउतारावरून धुऊन नदीत आणली आणि थर जाड झाला. आंध्रातल्या ज्वालापुरमला मूळ थर चार-पाच सेंटीमीटरचा, त्यावर वाहून आलेल्या राखेसकट सगळा मिळून अडीच मीटर.

म्हणून पिशवीत राख भरण्याआधी ती थराच्या कुठल्या पातळीतली, हे लिहावं लागतं. माझ्या पहिल्या बारा पिशव्यांवर नुसतं ‘बोरी, राख’ असं लिहिलेलं होतं. तळाची कुठली, वरची कुठली, काही पत्ता नाही. दोन वर्षांचं काम गेलं. मार्गदर्शकांनी रागावून काही म्हटलं नाही, त्याचंच जास्त लागलं. मी परत आलो, तोवर तो काठ ऊस लावायला सपाट झालेला होता.

शेतकऱ्याला दोष देत नाही. सपाट केल्याशिवाय पाणी बसत नाही, हे मलाही कळतं. पण जेवणाच्या वेळी आपल्यातल्याच एकाने सांगितलं की त्याच्या नदीकडच्या बांधात तसाच पांढरा पट्टा आहे आणि दिवाळीनंतर तिथे जेसीबी लावायचाय.

मित्रा, तू मागे उभा आहेस, दिसतोयस मला. जेसीबी लावण्याआधी चार दिवस दे. मी टेप, खुरपं आणि पिशव्या घेऊन येतो. या वेळी पिशव्यांवर बाईंच्या देखत लिहीन. चहा तुझ्याकडे.