मुद्दाम न जुळू दिलेले हाड

बंगळुरूतल्या जयनगरच्या संजय गांधी ट्रॉमा संस्थेसारख्या रुग्णालयांना दुचाकीच्या अपघातात मोडलेली नडगी नवी नाही. पुढच्या अंगाला या हाडावर कातडीशिवाय फारसे काही नसते. ते मोडले की टोक सहज बाहेर येते, जखमेत रस्त्याची माती जाते, रक्तपुरवठा तुटतो. सळई घालूनही काहींचे हाड जुळत नाही. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत जुळण्याची कसलीच चिन्हे दिसली नाहीत, तर अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या व्याख्येत त्याला ‘नॉन-युनियन’ म्हणतात. रोजंदारीवरच्या माणसाचे घर तोवर कर्जात बुडालेले असते.

या दुखण्याचा अभ्यास उंदरांवर करायचा, तर पहिली अडचण अशी की तरुण, निरोगी उंदराचे हाड जुळतेच.

बोनारेन्स आणि आइनहॉर्न यांनी १९८४ साली उंदराच्या मांडीच्या हाडात आधी तार घालून ते बोथट पात्याने बाहेरूनच मोडण्याची पद्धत दिली. ती जगभर रूढ झाली, पण ती जुळणाऱ्या हाडाची. न जुळणारे हाड घडवावे लागते. एक वाट म्हणजे हाडाचा इतका मोठा तुकडा काढायचा, की फट आपोआप भरूच नये. दुसरी वाट ए. हरी रेड्डी यांच्या गटाने कॅलिफोर्नियात चोखाळली. दिल्ली विद्यापीठात पीएचडी केलेल्या रेड्डींनी १९७२ साली चार्ल्स हगिन्स यांच्यासह दाखवले होते, की क्षार काढून टाकलेल्या हाडाची भुकटी उंदराच्या कातडीखाली ठेवली तर तिथे नवे हाड तयार होते. आता प्रश्न उलटा होता. २००३ च्या प्रयोगात मोडलेल्या जागेभोवतीचे हाडाचे पातळ आवरण डाग देऊन जाळले. आठ आठवड्यांनंतरही हाड जुळले नाही. हाड घडवणाऱ्या प्रथिनांची काही जनुके अशा जागी मंदावतात, हे २००६ साली याच गटाने नोंदवले.

काम मोलाचे आहे. पण त्या उंदराचे आवरण जाळले होते. बंगळुरूच्या रुग्णाच्या जखमेत जंतू असू शकतात, अंगात मधुमेह असू शकतो, कित्येकांना विडी-सिगारेटची सवय असते. उंदराच्या आणि माणसाच्या हाडाची अंतर्गत रचनाही वेगळी. म्हणूनच पुढच्या टप्प्यावर वजनाने माणसाच्या जवळ जाणारी मेंढी घेतात. उंदराला मायक्रोग्रॅममध्ये पुरणारे बीएमपी-२ हे हाड घडवणारे प्रथिन माणसाला मिलिग्रॅममध्ये द्यावे लागले. त्यामुळे एखादा नवा उपाय उंदरावर चालला असे वाचले, की त्या उंदराचे हाड कशामुळे जुळत नव्हते, हे आधी पाहावे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बिक्रमजित बसू आणि कौशिक चटर्जी यांच्या गटांनी हाडाला आधार देणाऱ्या जैवसाहित्यावर काम केले आहे. भारतात असे साहित्य प्राण्यावर तपासण्याआधी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम पाळावे लागतात. संस्थेची नैतिकता समिती प्राण्यांची संख्या आणि वेदनाशामकाची सोय विचारते. सूक्ष्म सीटी स्कॅनने एकाच उंदराचे हाड जिवंतपणी पुन्हापुन्हा पाहता येते, म्हणजे दर टप्प्याला नवे उंदीर मारावे लागत नाहीत. समित्यांनी याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: मधुमेही किंवा जंतुसंसर्ग झालेला उंदीर का घेतला नाही?