जेलीफिश आणि शोकाची रजा



कामगार संघटनेच्या माणसाने जेलीफिशवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि ग्रंथालयात अधिक झाले; तेथेच ही हकीकत हाती लागली.

अर्न्स्ट हेकेल हे जर्मनीतील येना येथे प्राणिशास्त्राचे अध्यापक. १६ फेब्रुवारी १८६४ रोजी, त्यांच्या तिसाव्या वाढदिवशीच, त्यांची पत्नी आना वारली. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. हेकेल पार खचले. त्याच वर्षी ते नीसजवळ भूमध्य समुद्राकाठी गेले. तेथे एक जेलीफिश त्यांच्या दृष्टीस पडली. तिच्या तंतूंत त्यांना आनाचे सोनेरी केस दिसले. त्या जातीला त्यांनी आनाचे नाव दिले. पुढे दुसऱ्या एका जातीचे नाव ठेवले ‘देस्मोनेमा आनासेथे’. सेथे हे आनाचे माहेरचे आडनाव. १८९९ ते १९०४ या काळात निघालेल्या त्यांच्या शंभर चित्रांच्या ग्रंथात तिचे देखणे चित्र आहे. हेकेल यांनी मानववंशांची जी उतरंड लावली, ती आम्हांस साफ अमान्य आहे. पण त्यांचे दुःख खरे होते.

जेलीफिशला ना मेंदू, ना हृदय. अंग बहुतेक पाण्याचेच. ती कोणाचे सांत्वन काय करणार? धीर मिळतो तो थांबून पाहण्याने. आज काही लोक घरी जेलीफिश पाळतात. टाकीच्या कोपऱ्यात ती अडकते, तिला इजा होते. म्हणून पाणी हळूहळू गोल फिरते ठेवावे लागते. दुःखी माणसालाही असेच सांभाळावे लागते.

हेकेल यांस समुद्राकाठी जाण्याची सवड मिळाली. आमच्या एका सोबत्याची पत्नी गेली, तेव्हा तो चौथ्या दिवशी पाळीवर हजर होता. पुढे त्याने घरी काचेच्या बरणीत दोन मासे ठेवले. रात्रपाळीहून आला की त्यांच्याकडे पाहत बसे. आम्ही त्याची थट्टा केली. ती आज आम्हांस बोचते. पगार, बोनस, महागाई भत्ता यांसाठी आम्ही कितीतरी द्वारसभा घेतल्या. मागण्यांच्या यादीत शोकाची रजा मात्र एकदाही लिहिली नाही. हा दोष मालकांच्या माथी मारता येणार नाही. तो आमचाच आहे.

पुढच्या यादीत ते कलम आम्ही घालणार आहोत. आपण पाठीशी उभे राहावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.