कागद कोणाचा, शब्द कोणाचे?



टी. टी. नगर या संक्षिप्त नावामागे येवल्याचे तात्या टोपे उभे आहेत, याचा विसर रोजच्या व्यवहारात सहज पडतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ येथे आली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त या नगरीत स्थिरावली. त्यांच्या सामानात एखादी पत्र्याची ट्रंक हमखास असे. तिच्यात मोडीतील पत्रे, सनदांच्या नकला, आजोबांची रोजनिशी आणि अर्धवट वंशावळ. आज तिसरी-चौथी पिढी त्या रुमालांची गाठ सोडून कुलवृत्तांत लिहू पाहते, आणि पहिलाच प्रश्न उभा राहतो : हे छापण्याचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर तीन भागांत द्यावे लागते. कागद, त्यावरील शब्द आणि त्या शब्दांतील माहिती या तीन निरनिराळ्या गोष्टी होत.

कागद ज्याला मिळाला त्याचा. शब्द मात्र लिहिणाऱ्याचे. इंग्लंडमध्ये १७४१ साली कवी अलेक्झांडर पोप यांच्या पत्रांवरून झालेल्या दाव्यात हाच भेद मान्य झाला : पत्र पावणाऱ्याला कागद मिळतो, मजकूर छापण्याचा हक्क मिळत नाही. भारताच्या १९५७च्या कायद्यानुसार वाङ्मयीन कृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९९२च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. परंतु लेखकाच्या हयातीत जे प्रसिद्ध झाले नाही, त्याची ६० वर्षे प्रथम प्रकाशनापासून मोजली जातात. म्हणून आजोबा १९३० साली निवर्तले असले तरी त्यांच्या अप्रकाशित रोजनिशीवरील हक्क संपला, असे गृहीत धरता येत नाही. तो हक्क वारसांचा असतो. ट्रंक ज्या घरी राहिली तेवढ्यानेच तो त्या एका घराचा होत नाही. कुलवृत्तांतावरून चुलत घराण्यांत उद्भवणाऱ्या रुसव्याफुगव्यांचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

उरली माहिती. जन्ममृत्यूच्या तिथी, गोत्र, मूळ गाव, पिढ्यांचा क्रम यांवर कोणाचाच स्वामित्वहक्क नसतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या २००७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की केवळ श्रम पुरेसे नाहीत; निर्मितीचा किमान अंश हवा. तेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतील नावे कोणीही आपल्या वंशावळीत घ्यावीत. मात्र दुसऱ्या कुलवृत्तांतातील चरित्रे व टिपा जशाच्या तशा उचलू नयेत.

मराठीतील एक प्रसिद्ध उदाहरण या बाबतीत बोलके आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी पाहिला आणि १८८३च्या सुमारास ती हकीकत लिहून काढली. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केले, ते भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन झाले, आणि दत्तो वामन पोतदार यांनी मूळ पाठ १९६६ साली प्रकाशात आणला. वैद्यांचे निधन १९३८ साली झाले. त्यांच्या संपादनावरील हक्क केव्हाच संपला. पोतदार १९७९ साली निवर्तले; त्यांनी स्वतः लिहिलेल्या मजकुरावरील हक्क २०३९ अखेरपर्यंत राहील. एकाच हकीकतीच्या दोन मुद्रित प्रती कपाटात शेजारी उभ्या असतात, पण त्यांतील प्रत्येक पानाचा हिशेब वेगळा असतो.

ग्रंथालयांना कायद्याने काही मोकळीकही दिली आहे. सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची प्रत संशोधनासाठी, किंबहुना प्रकाशनाच्या हेतूनेही, करता येते. लेखक ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटलेली असावीत, एवढीच अट आहे. म्हणजे घरच्या ट्रंकेत जे अडून राहते, ते ग्रंथालयात आल्यावर अभ्यासकाला खुले होऊ शकते. २०१२च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्या संग्रहातील साहित्य जतनासाठी संगणकीय स्वरूपात साठविण्याचीही मुभा मिळाली आहे. ही मुभा जतनाची आहे, जगभर वाटण्याची नव्हे.

जेथे कायदा मौन बाळगतो तेथे विवेकाने बोलावे लागते. दत्तकाचा वाद, कोणा विधवेची परवड, कोणाचे कर्ज वा दुखणे, या गोष्टी जुन्या पत्रांत असतातच. हयात माणसांना ज्याने दुःख होईल ते छापण्यापूर्वी त्यांना विचारणे, हा कुलधर्मच होय.

म्हणून रुमाल स्वीकारताना ग्रंथपालाने नोंदवहीत तीन ओळी लिहाव्यात : कोणी दिला, मजकूर कोणाचा, परवानगी कोणती. कुलवृत्तांतकाराने वारसांची लेखी संमती घ्यावी आणि मोडी वाचून देणाऱ्याचे नाव आदराने छापावे. एवढे केले, की भीतीपोटी ट्रंक बंद ठेवण्याचे कारण उरत नाही. हक्काच्या भांडणाने जेवढे कागद नष्ट होत असतील, त्याहून अधिक वाळवी आणि अबोला नष्ट करतात. गोडसे भटजींचे बाड कोणीतरी विश्वासाने दिले, कोणीतरी जपले, म्हणूनच ते आज वाचता येते. टी. टी. नगरातील बंद ट्रंकाही त्याच विश्वासाची वाट पाहत आहेत.